भिंग, दुर्बीण आणि पहिला बाक

आमच्या गटसाधन केंद्रातल्या कपाटात अल्पदृष्टी मुलांची जी साधनं आहेत, त्यांत सगळ्यात जुन्या घराण्याचा म्हणजे काचेचा अर्धगोल. खालून सपाट, वरून घुमटाकार. पानावर ठेवायचा आणि ओळीवरून सरकवत न्यायचा. तो उचलावा लागत नाही, त्यामुळे हात थरथरला तरी अक्षर डोळ्यांपुढून हलत नाही. १२६७ साली रॉजर बेकन या इंग्रज ख्रिस्ती साधूने पोपसाठी लिहिलेल्या ग्रंथात हेच साधन येतं: काचेच्या गोलाचा तुकडा अक्षरांवर ठेवावा, म्हाताऱ्यांना आणि अधू डोळ्यांच्या माणसांना तो उपयोगी पडेल. त्याच्याही अडीचशे वर्षं आधी कैरोत इब्न अल-हैथमने वक्र काचेतून वस्तू मोठी का दिसते याचा विचार मांडला होता.

मी फुलंब्री तालुक्यात विशेष शिक्षिका आहे. आळंद, बाबरा, वडोद बाजार, गणोरी अशा गावांतल्या शाळांत जाते. अंधुक दिसणारं मूल असलं की गुरुजींनी एक उपाय हमखास केलेला असतो, त्याला पहिल्या बाकावर बसवलेलं असतं. पण तिथूनही फळा दोन-अडीच मीटर लांबच राहतो. आणि घरी आईची ताकीद असते: फार वाचू नको, आहे ती नजरही जाईल. भिंग इतकी शतकं जगात असून अशा मुलाच्या हाती इतक्या उशिरा का आलं, याचं उत्तर मला त्या ताकिदीत दिसतं.

ही भीती आपल्याच खेड्यांतली नव्हे. लंडनमध्ये १९०८ साली आणि अमेरिकेत बॉस्टनला १९१३ साली अधू नजरेच्या मुलांसाठी वेगळे वर्ग निघाले, ते नजर ‘वाचवण्यासाठी’. नजर म्हणजे गाठीची पुंजी, खर्चली की संपली, असाच समज होता. अंधशाळांचं काम त्याआधीच सुरू झालेलं होतं. मुंबईत ॲना मिलर्ड यांनी १९०० साली शाळा काढली, तीच आजची दादरची अंधशाळा. अशा शाळांनी मुलांना ब्रेल दिलं, हाताला काम दिलं, हे ऋण मोठं आहे. पण जगभरच्या अंधशाळांत थोडंफार दिसणारी मुलंसुद्धा बोटांनीच वाचायला शिकत. एक तर आंधळा, नाही तर डोळस. मधल्या मुलाला जागाच नव्हती. १९६४ साली टेक्सासच्या नॅटली बरागा यांनी दाखवून दिलं, की अगदी कमी दिसणाऱ्या मुलांनाही सराव दिला तर ती आहे त्या नजरेचा जास्त उपयोग करू लागतात. बरागा स्वतः अंधशाळेत शिकवत, आणि त्यांच्या मुलीलाही कमी दिसत होतं. माझ्या लेखी या विषयातली सगळ्यात मोठी घटना हीच, दुर्बिणीच्या शोधापेक्षाही मोठी.

आपल्या घरांत मात्र म्हाताऱ्यांच्या डोळ्यांची सोय लोकांनी केव्हाच करून घेतली होती. पोथ्या मोठ्या, ठसठशीत टायपात छापल्या जात, शेजारी मुठीचं भिंग असे. पुढे मोतीबिंदूच्या शिबिरांतून जाड भिंगांचा चष्मा आला. काढलेल्या नेत्रमण्याच्या जागी तो साधारण दहा नंबरचा, आणि जग पाव हिश्श्याने मोठं दाखवणारा. आजोबांना हे मिळालं, नातवाला नाही.

दुर्बीण डोळ्यांवर चढायलाही तीनशे वर्षं लागली. गॅलिलिओने ती १६०९ साली आकाशाकडे वळवली, केप्लरने १६११ साली दोन बहिर्गोल भिंगांची रचना सांगितली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत येना इथे झाइस कारखान्याच्या मोरित्झ फोन रोहर यांनी दुर्बिणीचा चष्मा तयार केला. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कचे विल्यम फाइनब्लूम यांनी असे चष्मे खऱ्याखुऱ्या रुग्णांना लावून दाखवले. सॅम्युएल जेनेन्स्की यांचं तर विलक्षण. लहानपणापासून नजर अधू, शाळेत फळा दिसावा म्हणून ते बायनॉक्युलर वापरत. पुढे गणिती झाले आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस कॅमेऱ्याखाली पुस्तक ठेवून टीव्हीच्या पडद्यावर अक्षर मोठं करणारं यंत्र सहकाऱ्यांबरोबर उभं केलं. आज मोबाइलचा कॅमेरा तेच काम करतो.

माझ्या पिशवीत असते ती बोटभर लांबीची एका डोळ्याची दुर्बीण. तिच्यावर ४×१२ असं लिहिलेलं असतं: चौपट मोठं, पुढचं भिंग १२ मिलिमीटरचं. जन्मतः त्वचेत आणि डोळ्यांत रंग नसलेली मुलं मला भेटतात. त्यांचे डोळे सारखे हलत असतात, ऊन सोसत नाही. अशा मुलाने कोपर बाकावर टेकवून ती धरली की ‘आजचा सुविचार’ त्याला जागेवरून वाचता येतो. पण दिसणारा भाग अगदी इवलासा, आणि हात हलला की फळाही चौपट वेगाने पळतो. ती लावून चालता येत नाही.

आपल्या कायद्यात या मुलांना स्वतंत्र जागा मिळाली ती १९९५ साली. उपचार आणि चष्मा झाल्यावरही दृष्टी अधू राहते, पण योग्य साधनाने जो ती वापरतो किंवा वापरू शकेल, तो अल्पदृष्टी, असं कायद्याने म्हटलं. त्यातलं ‘वापरू शकेल’ हे मला फार मोलाचं वाटतं. २०१६ च्या कायद्याने आकडेही घातले: चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पासून ३/६० पर्यंत. म्हणजे इतरांना अठरा मीटरवरून दिसतं ते पाहायला याला सहा मीटरवर यावं लागतं, आणि तीही वरची हद्द.

दुर्बीण हातात आली म्हणून लगेच फळा वाचता येत नाही. मी आधी शाळेच्या दारावरची पाटी वाचायला लावते, मग स्टँडवर उभ्या एसटीचा बोर्ड, सिल्लोडची की संभाजीनगरची. आधी नुसत्या डोळ्याने जागा हेरायची, मगच दुर्बीण लावायची. फळ्याची पाळी शेवटी. लिहिताना गुरुजींनी प्रत्येक शब्द मोठ्याने म्हटला, तर दुर्बिणीतून निसटलेली ओळ मुलाला पुन्हा सापडते. एवढं करा, असं मी प्रत्येक शाळेत सांगून येते.