बाहत्तरचा दुष्काळ आणि आमचं मस्टर

आमच्या गावच्या मुंबईकर मंडळींचा दरवर्षी जानेवारीत मुलुंडला एक मेळावा असतो. मेळावा म्हणजे फार काही नाही. एका शाळेचा हॉल, बायकांचं हळदीकुंकू, दहावी-बारावीच्या मुलांना वह्या-पेनं आणि शेवटी मसालेभात. भांडुप, घाटकोपर, कोपरखैरणे असे कुठून कुठून लोक येतात. बरेचसे माथाडी कामगार, निवृत्त झालेले, नाहीतर त्यांची मुलं-नातवंडं. गेल्या खेपेला जेवणं झाल्यावर माझ्या धाकट्या पुतणीने विचारलं, "काका, तुम्ही सारखं बाहत्तर-बाहत्तर म्हणता. म्हणजे नक्की काय झालं होतं?"

एवढी वर्षं इतिहास शिकवला मी. पानिपत शिकवलं, दुसरं महायुद्ध शिकवलं. पण मी स्वतः ज्यातून गेलो त्याबद्दल कधी वर्गात दहा मिनिटं बोललो असेन असं वाटत नाही. अभ्यासक्रमात नव्हतं, दुसरं काय!

तर सांगतो. आमची वाडी माण तालुक्यात, म्हसवडपासून चालत दोनेक तासांवर. नाव लिहीत नाही. माणदेश तसाही पर्जन्यछायेतला, पाऊस तिथे पाहुण्यासारखा. ज्यांनी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचली आहे त्यांना त्या मुलखाची कल्पना आहे. १९७१ चा पाऊस बेताचा झाला आणि १९७२ चा जवळजवळ झालाच नाही. मी त्याच उन्हाळ्यात बी. ए. होऊन घरी आलेलो. नोकरी नाही, शेतात काम नाही. दिवाळीच्या आधी आमच्या शिवारात पाझर तलावाचं सरकारी काम निघालं आणि शिकलेला पोरगा म्हणून मला हजेरी लिहायला बसवलं. मस्टर कारकून. पुढचे आठ-नऊ महिने मी एका बाभळीखाली बसून माणसांची नावं लिहीत होतो.

त्या वेळची व्याप्ती आजच्या मुलांना सांगितली तर खरी वाटत नाही. मे १९७३ मध्ये राज्यभरात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटींच्या आसपास. म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, मुंबई-पुण्यासकट मोजलं तरी दर दहा माणसांमागे एक जण खडी फोडत होता, नाहीतर माती वाहत होता. रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. त्या सरकारवर टीका पुष्कळ झाली, आणि ती करायला जागाही होती, पण १८७६-७७ च्या दुष्काळात जसे माणसांचे ढीग पडले तसं १९७२-७३ मध्ये झालं नाही, हेही तितकंच खरं.

१८७७ चा उल्लेख आला म्हणून एक सांगून टाकतो. तेव्हाही सरकारी कामं निघाली होती. पण इंग्रज सरकारने मजुरीला कात्री लावली आणि जवळची छोटी कामं बंद करून लोकांना लांबच्या मोठ्या कामांवर पाठवायला सुरुवात केली. तेव्हा हजारो मजूर सरळ काम सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांच्या सभेने, त्यांची बाजू घेतली आणि गावोगावची हकिगत जमवून सरकारकडे पाठवली. त्याच दुष्काळात महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने धनकवडीला मुलांसाठी बालाश्रम काढला. हे सगळं आज आपल्याला माहीत आहे, कारण कुणीतरी ते लिहून ठेवलं. त्या मजुरांपैकी एकाचंही नाव मात्र मला ठाऊक नाही. माझ्या मस्टरात उलट होतं. नावं होती, दुसरं काही नव्हतं.

कागद कसा होता ते सांगतो. अनुक्रमांक, नाव, वय, गाव, तारखांची घरं, एकूण दिवस, रक्कम, अंगठा. बायकांच्या नावापुढे नवऱ्याचं किंवा बापाचं नाव. खडीचं माप ब्रासमध्ये, मातीचं खड्ड्यावरून. आठवड्याला पगार. अंगठ्याच्या शाईचा डाग बायका पदराला पुसायच्या, आणि सगळ्यांच्याच पदराला एक निळं टोक झालं होतं. खडी फोडताना हाताला चिंध्या गुंडाळलेल्या, झाडाला झोळ्या, झोळीत पोरं. दोन-तीन रुपये रोज सुटायचा, मापात भरलं तर.

पुतणीने विचारलं आणि मी हे असं मास्तरी पद्धतीने सांगायला लागलो, तशा आजूबाजूच्या खुर्च्या सरकल्या. मग माझं बोलणं बाजूलाच राहिलं.

पंच्याऐंशीच्या घरातल्या एक काकू, भांडुपला लेकाकडे असतात, त्या एकदम म्हणाल्या, "आरं, मिलोचं सांग की. तांबडी भाकर. थापाया गेलं की चिरा पडायच्या, आन् पोरं म्हनायची, आये, ही वीट हाय का?" मिलो म्हणजे रेशनवर आलेली अमेरिकेची तांबडी ज्वारी. ती गुरांना घालतात तिकडे, असं तेव्हा सगळे म्हणायचे. दुसरे एक गृहस्थ म्हणाले की काँग्रेस गवत या मिलोबरोबरच आलं. हे बऱ्याच गावांत ऐकायला मिळतं. खरं तर ते गवत १९५५ च्या सुमारालाच पुण्यात दिसल्याची नोंद आहे. मी तसं सांगितलं, पण कुणी ऐकून घेतलं नाही. लोकांनी एका वाईट गोष्टीला दुसरी वाईट गोष्ट बांधून टाकली आहे आणि ती गाठ आता सुटायची नाही.

मग सुकडी निघाली. कामावर मिळणारी ती पिठाची गोडसर वडी. ती आठवून साठी-सत्तरीची माणसं लहान मुलांसारखी हसत होती. मग बैल. बैलांचं निघाल्यावर हसणं थांबलं. चारा नाही म्हणून कवडीमोलाने विकलेली जोडी प्रत्येकाच्या घरात होती आणि प्रत्येकाला बैलांची नावं पाठ होती. एक जण म्हणाले, "बाहत्तरला धान्य नव्हतं, पण हिरीला पानी लागायचं. आता धान्य हाय आन् पानी न्हाय." हे खरं आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला जनावरांची मोठी छावणी उभी राहिली होती, आणि २०१६ साली तर मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं.

याच काळात इथे मुंबईत काय चाललं होतं? माझी थोरली बहीण तेव्हा गोरेगावला. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या महागाईविरोधी समितीच्या मोर्च्याला ती लाटणं घेऊन गेली होती. तेल-साखरेसाठी रांगा इथेही होत्या. तिने मला पत्रात लिहिलं होतं की तुमच्याकडे दुष्काळ म्हणजे नक्की काय, पेपरात काही कळत नाही. त्या पत्राला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा खुशाली कळवली असेल.

आता माझी स्वतःची एक गोष्ट. कामावर लहान मुलं घ्यायची नाहीत असा नियम होता आणि घरोघरची मुलं येत होती. मी त्यांची वयं अठरा लिहायचो. एक मुलगी होती, बारा वर्षांची असेल, आईबरोबर खडी फोडायची. एकदा तपासणीला वरचे अधिकारी येणार म्हणून मी घाबरलो आणि तिच्या नावावर रेघ मारली. आठवड्याचे पाच दिवस भरले होते तिचे. ते पैसे गेले. तिची आई काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघून परत ढिगाकडे गेली. ते बघणं मी पन्नास वर्षं बाळगलं आहे. पुढे बी. एड. करून मुलुंडला नोकरीला लागलो, १९७५ पासून पगारातून व्यवसाय कर कापला जायला लागला. स्टाफरूममध्ये सगळे कुरकुरायचे, विशेषतः पुढे फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० कापायला लागले तेव्हा. मी गप्प असायचो. हा कर रोजगार हमीसाठी आणला होता. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला जो प्रयोग केला, त्यातून ती योजना आली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने आपल्याकडून घालायची, अशी व्यवस्था होती. २००५ साली केंद्राने केलेल्या कायद्याचं मूळ यातच आहे. पण मला पगाराच्या चिठ्ठीवर तो आकडा दिसला की ती रेघ आठवायची. माझे पाच दिवस फेडतोय असं काहीतरी वाटायचं. हास्यास्पद आहे, पण वाटायचं.

ती मुलगी त्या दिवशी हॉलमध्ये होती! आता पासष्टीला आलेली, हळदीकुंकवाचं ताट घेऊन फिरत होती. मी धीर करून सगळं सांगितलं. ती हसायलाच लागली. "दादा, मला काय बी आठवत न्हाय. नाव खोडलं आसंल. मी तर सुकडी मिळायची म्हनून यायचे." झालं. माझं अर्ध्या शतकाचं ओझं तिने ताटातल्या तिळगुळासारखं हातावर ठेवलं आणि पुढे गेली.

मला हलकं वाटलं हे कबूल करतो. पण ते दहा मिनिटंही टिकलं नाही.

मागच्या रांगेत एक गृहस्थ बसले होते, घाटकोपरला राहतात, आमच्या वाडीच्या बौद्ध वस्तीतले. मेळाव्याला दोन-तीन वर्षांपासूनच यायला लागले आहेत. इतका वेळ एक शब्द बोलले नव्हते. ते म्हणाले, "गुरुजी, कामावर पाण्याचे माठ किती होते?"

मी म्हटलं, "एक. बाभळीखाली, माझ्या शेजारीच."

"दोन होते," ते म्हणाले. "दुसरा ओढ्याच्या अंगाला, करंजाच्या झाडाखाली. तो आमचा."

मी म्हणालो, नाही हो, दुष्काळात कसलं आलंय असलं, सगळे एकाच टोळीत काम करायचे. मी हे ठामपणे म्हणालो, ते सांगायला हवं. हॉलमध्ये कुणी मला दुजोरा दिला नाही आणि कुणी त्यांनाही दिला नाही. भांडुपच्या काकू खाली बघत होत्या.

बाबा आढावांची 'एक गाव एक पाणवठा' चळवळ त्याच वर्षांतली. दुष्काळात एकेका विहिरीवर गाव जमायला लागलं तेव्हा कोण पाणी भरू शकतो आणि कोण नाही, हे उघड्यावर आलं. मी हे वाचलेलं आहे, कार्यक्रमांत त्यावर बोललेलो आहे. आणि माझ्यापासून शंभर पावलांवरचा माठ मला आठवत नव्हता.

ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या मस्टरात एक पाणक्या होता ना? त्याला रोज होता."

होता. प्रत्येक टोळीला एक पाणक्या असायचा आणि त्याचं नाव मी दर आठवड्याला लिहीत होतो.

"आमचा माठ मी भरायचो," ते म्हणाले. "दहा वर्षांचा होतो. मला रोज नव्हता. मस्टरात दुसरा पाणक्या लिहिता येत नाही, असं तुम्हीच माझ्या वडिलांना सांगितलं होतं."

मला तेही आठवत नाही. पण नियम तसाच होता, त्यामुळे मी तसंच सांगितलं असणार.

पुतणीने माझ्याकडे बघितलं. मी त्यांना विचारलं, तुमच्या घरी येऊ का, सगळं नीट लिहून घ्यायचं आहे. ते म्हणाले, या, रविवारी या, दुपारनंतर, म्हणजे आमची मोठी बहीण पण असेल, तिला माझ्यापेक्षा जास्त आठवतं. घाटकोपर स्टेशनवरून कसं यायचं ते त्यांनी माझ्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं. अक्षर सुरेख आहे त्यांचं.

येत्या रविवारी जातोय. पुतणीही येतो म्हणाली आहे.