कीर्ती, नोंद आणि ‘कायम’ हा शब्द
अमेरिकन बेसबॉलमधील बहिष्कृतांच्या सन्मानाचा प्रश्न

१३ मे २०२५ रोजी अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी एक निर्णय जाहीर केला. खेळातून कायमची अपात्र ठरविलेली व्यक्ती मृत्यू पावली की तिची अपात्रताही संपते, असा त्याचा आशय होता. या निर्णयाने सतरा दिवंगत व्यक्तींची नावे अपात्रांच्या यादीतून वगळली गेली. त्यांत १९५१ साली वारलेला जो जॅक्सन होता आणि सप्टेंबर २०२४ मध्ये वारलेला पीट रोझही होता. या दोघांना खेळाच्या कीर्तिमंदिरात स्थान द्यावे की नाही, हा तीन पिढ्यांचा वाद त्यामुळे मतदानाच्या कक्षेत आला आहे. वरवर पाहता प्रश्न क्रीडाक्षेत्रातला दिसतो. वस्तुतः एखादा समाज आपल्या कलंकित कर्तृत्ववानांची स्मृती कोणत्या शब्दांत जतन करतो, असा तो इतिहासाचा आणि काही अंशी भाषेचाही प्रश्न आहे.

प्रथम या संस्थेचे स्वरूप ध्यानात घेणे अगत्याचे आहे. न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या गावी १९३९ साली ‘हॉल ऑफ फेम’ उघडण्यात आला. १८३९ मध्ये ॲबनर डबलडे याने हा खेळ याच गावी शोधून काढला, अशी आख्यायिका त्या स्थाननिवडीच्या मुळाशी होती. पुढील संशोधनाने ती निराधार ठरविली असली तरी मंदिर तेथेच राहिले. या वास्तूत दोन संस्था एकत्र नांदतात. एक आहे संग्रहालय, जेथे खेळाचा इतिहास वस्तुरूपाने मांडला जातो. दुसरे आहे दालन, जेथे निवडलेल्यांचे कांस्यपट लावले जातात. दालनातील प्रवेशासाठी मतदारांपैकी पंचाहत्तर टक्क्यांची संमती लागते. त्यांनी मत देताना खेळाडूची कामगिरी व कौशल्य यांबरोबरच सचोटी, खिलाडूपणा आणि चारित्र्य यांचाही विचार करावा, असे नियम सांगतो. या दोन भागांतील भेद न ओळखल्यामुळेच पुष्कळसा गोंधळ माजला आहे. जॅक्सन आणि रोझ यांचा इतिहास पुसला गेला, ही तक्रार खरी नाही. त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत आहेत आणि त्यांच्या खेळाची कथा संग्रहालयातही सांगितली जाते. त्यांना नाकारण्यात आला तो केवळ कांस्यपट. नोंद आणि प्रशस्ती या दोन भिन्न गोष्टी होत, हे प्राचीन लेखांच्या अभ्यासकांस वेगळे सांगावयास नको.

आता जॅक्सनचे प्रकरण पाहू. १९१९ सालच्या ‘वर्ल्ड सीरिज’मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स हा बलाढ्य संघ सिनसिनाटी रेड्सकडून पाच विरुद्ध तीन सामन्यांनी हरला. जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन सामने हरल्याचा आरोप आठ खेळाडूंवर आला. त्यांत डावखोरा फलंदाज जॅक्सन होता. त्याची कारकिर्दीतील सरासरी .३५६, म्हणजे हजार संधींत ३५६ यशस्वी फटके, इतकी होती. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. सप्टेंबर १९२० मध्ये ग्रँड ज्यूरीपुढे दिलेल्या जबानीत त्याने पाच हजार डॉलर स्वीकारल्याचे मान्य केले. ऑगस्ट १९२१ मध्ये न्यायालयाने खटला चाललेल्या खेळाडूंना निर्दोष सोडले, आणि दुसऱ्याच दिवशी आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी आठही जणांना खेळातून हद्दपार केले. कट ठाऊक असूनही तो उघड न करणारा, परंतु पैसे न घेतलेला बक वीव्हरही त्यांतच गेला. जॅक्सनचे समर्थक एका आकड्याकडे बोट दाखवितात. त्याच मालिकेत त्याची सरासरी .३७५ होती आणि त्याने बारा यशस्वी फटके मारले होते. ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही. परंतु पैसे हाती पडले होते, हीही वस्तुस्थितीच आहे. १९२४ साली थकलेल्या वेतनासाठी त्याने क्लबवर दावा लावला, तेव्हा ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल दिला. मात्र आधीच्या जबानीशी विसंगत साक्ष दिल्याबद्दल न्यायाधीशांनी तो कौल रद्द केला.

रोझचे प्रकरण निराळ्या जातीचे आहे. १९६३ ते १९८६ या काळात त्याने ४,२५६ यशस्वी फटके मारले. सप्टेंबर १९८५ मध्ये त्याने टाय कॉबचा जुना विक्रम मागे टाकला. पुढे सिनसिनाटीचा व्यवस्थापक असताना स्वतःच्याच संघाच्या सामन्यांवर पैजा लावल्याचा आरोप त्याच्यावर आला. ऑगस्ट १९८९ मध्ये आयुक्त बार्टलेट जियामाटी यांच्याशी झालेल्या करारान्वये त्याने कायमची अपात्रता पत्करली. जियामाटी हे मूळचे प्रबोधनकालीन साहित्याचे प्राध्यापक होते, आणि या निर्णयानंतर आठच दिवसांत ते वारले. रोझने मात्र पुढची पंधरा वर्षे आरोप नाकारला आणि २००४ मध्ये तो मान्य केला. आपण आपला संघ जिंकेल अशीच पैज लावीत होतो, असे त्याचे म्हणणे होते.

या करारातील एक विसंगती भाषाभ्यासकास विशेष लक्षणीय वाटेल. अपात्रता ‘कायमची’ होती, तथापि एक वर्षानंतर पुनःप्रवेशासाठी अर्ज करण्याची मुभाही तीत होती. म्हणजे ‘कायम’ या शब्दाचा अर्थ तेथे ‘अंतहीन’ असा नव्हता. ‘मुदत न ठरविलेली’ एवढाच होता. १९९१ साली कीर्तिमंदिराच्या संचालकांनी असा नियम केला की, अपात्रांच्या यादीतील कोणाचेही नाव मतपत्रिकेवर येऊ नये. रोझचे नाव मतदारांपुढे येण्याची वेळ तेव्हा एका वर्षावर आली होती. नोकरीतून दूर ठेवणारी शिक्षा अशा रीतीने स्मृतीतून दूर ठेवणारी ठरली. ज्यांनी सचोटीचा निवाडा करावा अशी अपेक्षा होती, त्या मतदारांच्या हातून निवाडाच काढून घेण्यात आला. माझ्या मते चूक घडली ती येथे. मतदार असा निवाडा करू शकतात, याचे प्रमाण पुढे मिळालेच. ७६२ होमरन मारणारा बॅरी बाँड्स आणि गोलंदाज रॉजर क्लेमन्स यांच्यावर उत्तेजक द्रव्यांचे सावट होते. त्यांची नावे दहा वर्षे मतपत्रिकेवर राहिली आणि २०२२ मध्ये अनुक्रमे ६६.० व ६५.२ टक्के मतांवर थांबली. तेथे कोणत्याही बंदीची गरज भासली नाही.

येथे एक आक्षेप घेतला जातो. कृष्णवर्णीय खेळाडूंसमवेत मैदानात उतरण्यास नकार देणारा कॅप अँसन १९३९ मध्येच दालनात आला. चेंडूला बेकायदा ओलावा लावल्याची कबुली आत्मचरित्रात देणारा गेलॉर्ड पेरी १९९१ मध्ये, म्हणजे उपर्युक्त नियमाच्याच वर्षी, सन्मानित झाला. मग यांनाच का वगळावे? हा आक्षेप मतदारांची विसंगती दाखवितो, परंतु वगळलेल्यांची पात्रता सिद्ध करीत नाही. एकाचा दोष दुर्लक्षिला गेला म्हणून दुसऱ्याचा गुण वाढत नाही. शिवाय दोषांतही तारतम्य आहे. पेरीने जिंकण्यासाठी नियम मोडला. निकाल विकणारा मात्र स्पर्धेचे अस्तित्वच विकतो.

याच कसोटीवर मी लोकमताच्या उलट निष्कर्षाप्रत येतो. सहानुभूती बहुधा जॅक्सनकडे झुकते, कारण तो निरक्षर होता, क्लबचा मालक कंजूष मानला जातो आणि शिक्षा कठोर होती. परंतु त्याचा अपराध ज्या खेळासाठी त्याचा गौरव करावयाचा त्या खेळाच्या गाभ्यातच आहे. १९१९ सालच्या त्या आठ सामन्यांतील त्याचा प्रत्येक फटका आज संशयाविना वाचता येत नाही. रोझने पंधरा वर्षे असत्य सांगितले, हा दोष लहान नव्हे. त्याच्या पैजाही निरुपद्रवी नव्हेत. ज्या दिवशी व्यवस्थापक पैज लावीत नाही, त्या दिवशीचे त्याचे मौन जुगाऱ्याला बरेच काही सांगून जाते. तथापि त्याच्या फटक्यांपैकी फार मोठा भाग या प्रकरणाच्या पूर्वीचा आहे आणि त्यांच्या खरेपणाविषयी शंका नाही. म्हणून जॅक्सनचे स्थान संग्रहालयात आहे, आणि रोझचे दालनातही असू शकते, असे मला वाटते.

मात्र त्यासाठी कांस्यपटाने सत्य सांगितले पाहिजे. तसे करण्यास परंपरा आडवी येत नाही. जॅकी रॉबिन्सनचा १९६२ सालचा पट त्याच्याच इच्छेनुसार केवळ खेळाविषयी बोलत होता. २००८ मध्ये तो बदलून वर्णभेदाची भिंत त्याने प्रथम ओलांडल्याचा उल्लेख नव्या पटावर करण्यात आला. जे गौरवाच्या बाबतीत शक्य झाले, ते दोषाच्या बाबतीतही शक्य आहे. ४,२५६ या आकड्याखाली १९८९ हे वर्ष आणि त्याचे कारण एका ओळीत कोरता येईल. रोझच्या नावाचा विचार डिसेंबर २०२७ मध्ये सोळा सदस्यांच्या समितीपुढे होऊ शकेल. निवडीस बारा मते लागतील. समितीचा कौल काहीही लागो, तो निवाडा करून दिलेला असावा, निवाडा टाळून नव्हे. मृत्यूने शिक्षा संपते हे आयुक्तांचे म्हणणे मान्य केले तरी अपराध घडला ही नोंद कोणत्याही मृत्यूने संपत नाही, आणि इतिहासकाराची बांधिलकी त्या नोंदीशी आहे.