ग्रँडमा मोझेस

ॲना मेरी रॉबर्टसन मोझेस (जन्म : ७ सप्टेंबर १८६०, ग्रीनिच, न्यूयॉर्क राज्य; मृत्यू : १३ डिसेंबर १९६१, हूसिक फॉल्स, न्यूयॉर्क राज्य) या 'ग्रँडमा मोझेस' म्हणजेच 'मोझेसआजी' या नावाने विख्यात झालेल्या अमेरिकन लोकचित्रकार होत्या. आयुष्यभर शेती, दूधदुभते आणि घरकाम केल्यानंतर, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर त्या नियमितपणे चित्रे काढू लागल्या. त्यांनी चित्रकलेचे औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते. तरीही पुढील सुमारे पंचवीस वर्षांत त्यांच्या हातून दीड हजारांहून अधिक चित्रे तयार झाली. निवृत्तीनंतर जोपासलेल्या छंदाचे उदाहरण म्हणून जगभर त्यांचा उल्लेख होतो; मात्र हा उल्लेख करताना त्यांच्या आधीच्या आयुष्याकडे बहुधा दुर्लक्ष केले जाते.

बालपण आणि कष्टाची वर्षे

ॲना मेरी यांचा जन्म शेतकरी कुटुंबात झाला. दहा भावंडांत त्या तिसऱ्या. वडील रसेल किंग रॉबर्टसन हे शेती करीत आणि जवसाच्या झाडापासून धागा काढण्याची गिरणी चालवीत. त्यांना स्वतःलाही चित्रांची आवड होती. मुलांना चित्रे काढता यावीत म्हणून ते पांढऱ्या कागदाचे मोठे ताव आणून देत. रंग विकत आणण्याची चैन परवडणारी नव्हती. तेव्हा ही मुलगी लिंबाचा आणि द्राक्षांचा रस रंग म्हणून वापरी. शिक्षण गावातील एका खोलीच्या शाळेत झाले, आणि तेही थोडेच.

वयाच्या बाराव्या वर्षी त्या शेजारच्या शेतकरी कुटुंबाकडे कामाला राहिल्या. स्वयंपाक, धुणे, शिवण, आजाऱ्यांची शुश्रूषा अशी कामे त्यांनी वेगवेगळ्या घरी सुमारे पंधरा वर्षे केली. १८८७ मध्ये थॉमस सॅल्मन मोझेस या शेतमजुराशी त्यांचा विवाह झाला आणि हे जोडपे दक्षिणेकडील व्हर्जिनिया राज्यात स्टॉन्टनजवळ शेती करू लागले. तेथे संसाराला हातभार म्हणून मोझेस लोणी करून विकत; बटाट्याच्या काचऱ्या तळून विकण्याचा उद्योगही त्यांनी केला. त्यांना दहा अपत्ये झाली, त्यांपैकी पाच तान्हेपणीच दगावली. १९०५ मध्ये कुटुंब न्यूयॉर्क राज्यातील ईगल ब्रिज या गावी परतले. १९२७ मध्ये थॉमस यांचे निधन झाले. त्यानंतर शेतीचा भार हळूहळू मुलाने आणि सुनेने उचलला आणि मोझेस यांच्या हाताला, जन्मात प्रथमच, मोकळा वेळ मिळाला.

सुईकडून कुंचल्याकडे

हा मोकळा वेळ मोझेस यांना मानवला नाही. १९३२ च्या सुमारास त्या आजारी मुलीच्या शुश्रूषेसाठी शेजारच्या व्हरमाँट राज्यातील बेनिंग्टन येथे राहत होत्या. तिच्या सूचनेवरून त्यांनी कापडावर रंगीत लोकरीने निसर्गदृश्ये भरण्यास सुरुवात केली. ही लोकरीची चित्रे त्या नातलगांना आणि स्नेह्यांना भेट देत. पुढे संधिवाताने बोटे आखडू लागली आणि सुई धरणे वेदनादायक झाले. तेव्हा त्यांच्या बहिणीने, सिलेस्टियाने, सुचवले की सुईपेक्षा कुंचला धरणे सोपे जाईल. उजवा हात दुखू लागला की त्या डाव्या हाताने रंगवीत.

या बदलाकडे नीट पाहिले पाहिजे. मोझेस यांनी एक छंद टाकून दुसरा धरला असे झाले नाही. लोकरीने जे दृश्य त्या भरत होत्या, तेच त्या आता रंगाने काढू लागल्या. त्यांच्या तैलचित्रांतील झाडांची पाने, कुरणातील गवत, बर्फाचे कण हे रंगाच्या लहान लहान ठिपक्यांनी आणि रेघांनी भरलेले असतात. भरतकामाचा टाका ज्याने पाहिला आहे, त्याला या ठिपक्यांचे मूळ वेगळे सांगावे लागत नाही.

औषधांच्या दुकानातील चित्रे

आरंभी या चित्रांना कोणी विशेष किंमत दिली नाही. परगण्याच्या जत्रेत मोझेस यांनी मुरंबे, जॅम आणि चित्रे असे सारेच मांडले. बक्षीस मिळाले ते फळांना आणि जॅमला, चित्रांना नाही. पुढे हूसिक फॉल्स येथील औषधांच्या एका दुकानाच्या दर्शनी खिडकीत, परिसरातील स्त्रियांच्या हस्तकलेच्या वस्तूंबरोबर, त्यांची काही चित्रे ठेवण्यात आली. आकारानुसार किंमत तीन ते पाच डॉलर होती.

१९३८ मध्ये न्यूयॉर्क शहरातील लुई कॅल्डर हे कलासंग्राहक त्या गावावरून जात असता त्यांची नजर या चित्रांवर पडली. त्यांनी दुकानातील सर्व चित्रे विकत घेतली आणि पत्ता विचारून ते थेट ईगल ब्रिजला पोहोचले. त्या वेळी मोझेस घरी नव्हत्या. घरात आणखी दहा चित्रे आहेत, असे सुनेने पाहुण्याला सांगून टाकले. प्रत्यक्षात चित्रे नऊच निघाली. तेव्हा मोझेस यांनी एका मोठ्या चित्राचे मधोमध दोन तुकडे केले, दोन्हींना चौकटी बसवल्या आणि दहाचा आकडा पुरा केला. दिलेला शब्द पाळण्याची ही शेतकरी रीत होती. आपण एखादी कलाकृती कापत आहोत हा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नसावा.

कॅल्डर यांच्या खटपटीमुळे १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट या संग्रहालयातील अज्ञात समकालीन चित्रकारांच्या प्रदर्शनात मोझेस यांची तीन चित्रे लागली. अनेक कलादालनांनी मात्र नकार दिला. एवढ्या वयाच्या चित्रकर्तीसाठी केलेला खर्च वसूल होणार नाही, असा व्यापारी हिशेब त्यामागे होता. अखेर व्हिएन्नाहून नाझी राजवटीमुळे परागंदा झालेले कलाव्यापारी ऑटो कालिर यांनी आपल्या गॅलरी सेंट एटिएन या दालनात ऑक्टोबर १९४० मध्ये त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरवले. त्याचे नाव 'एका शेतकरीणीने काय रंगवले' अशा अर्थाचे होते. मोझेस तेव्हा नुकत्याच ऐंशी वर्षांच्या झाल्या होत्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत गिम्बल्स या मोठ्या दुकानात चित्रे मांडली गेली. तेथे जमलेल्या श्रोत्यांसमोर त्या बोलल्या त्या चित्रांविषयी नव्हे, तर आपल्या मुरंब्यांविषयी. वृत्तपत्रांनी त्यांना 'ग्रँडमा मोझेस' हे नाव याच काळात दिले आणि ते कायमचे रूढ झाले.

चित्रपद्धती

मोझेस यांची पद्धत घरकामातून आलेली होती. त्या चित्रफलक तिवईवर उभा न करता टेबलावर आडवा ठेवून, पोळपाटापुढे बसावे तशा खुर्चीवर बसून रंगवीत. कॅनव्हासऐवजी त्या मॅसोनाइट वापरीत. लाकडाचे तंतू दाबून केलेला हा कडक फळा टिकाऊ आणि स्वस्त असे. त्याला आधी जवसाचे तेल लावायचे आणि मग पांढऱ्या रंगाचे तीन हात द्यायचे. चौकट आधी मिळवायची आणि तिच्या मापाचा फळा कापायचा, असा त्यांचा क्रम होता. चित्रकाराला तो उफराटा वाटेल, पण जुन्या चौकटी वाया जाऊ न देणाऱ्या गृहिणीला तोच सुलट वाटणार. एका वेळी तीन-चार चित्रे शेजारी शेजारी मांडून त्या आकाशाचा निळा रंग सगळ्यांवर एकदमच लावीत, म्हणजे कालवलेला रंग फुकट जात नसे.

रंगवण्याचा क्रम वरून खाली असे : आधी आकाश, मग डोंगर, मग टेकड्या, झाडे, घरे, गुरे आणि सर्वांत शेवटी माणसे. माणसांच्या आणि जनावरांच्या आकृत्यांसाठी त्या वर्तमानपत्रांतील, मासिकांतील आणि शुभेच्छापत्रांवरील कात्रणे जपून ठेवीत आणि त्यांची बाह्यरेषा गिरवून घेत. बर्फ चमकावा म्हणून त्यावर चमकी भुरभुरण्याची त्यांना हौस होती. ती कालिर यांना पसंत नव्हती, पण आजींनी सोडली नाही. यथार्थदर्शनाचे नियम त्यांच्या चित्रांत क्वचितच पाळलेले दिसतात. दूरची माणसे लहान असली तरी तितकीच ठसठशीत असतात. सावल्या जवळजवळ नसतातच.

विषय बहुधा स्मरणातले. मेपलच्या झाडांचा रस उकळून साखर करणे, मेंढ्या धुणे, टर्की पक्षी पकडणे, साबण आणि मेणबत्त्या घरी करणे, शेजारणींनी एकत्र जमून गोधड्या शिवणे, नाताळची सकाळ ही दृश्ये त्यांनी पुनःपुन्हा रंगवली. 'द ओल्ड चेकर्ड हाउस' या मालिकेतील लाल-पांढऱ्या चौकड्यांचे घर म्हणजे त्यांच्या परिसरातली एक जुनी खानावळ. मोझेस ती रंगवू लागल्या त्याच्या कितीतरी आधी ती वास्तू जळून गेलेली होती. तारांचे खांब आणि ट्रॅक्टर त्यांनी चित्रांत येऊ दिले नाहीत. म्हणून या चित्रांना त्या काळाची नोंद मानण्यापेक्षा एका वृद्ध स्त्रीने निवडून ठेवलेल्या आठवणी मानणे योग्य ठरेल. तान्हेपणी गेलेली पाच मुले किंवा परक्या घरी राबण्यात गेलेले बालपण यांचा त्यांत मागमूस नाही. हे त्यांचे न्यून की सामर्थ्य, यावर मतभेद होऊ शकतात.

कीर्ती आणि टीका

दुसऱ्या महायुद्धानंतर मोझेस यांची चित्रे घरोघर पोहोचली ती मुख्यतः नाताळच्या शुभेच्छापत्रांमुळे. पडद्यांच्या कापडावर आणि चिनी मातीच्या बशांवरही ती छापली गेली. १९४९ मध्ये वॉशिंग्टन येथे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या हस्ते त्यांना विमेन्स नॅशनल प्रेस क्लबचा पुरस्कार मिळाला. त्या भेटीत ट्रुमन यांनी त्यांना पियानो वाजवून दाखवला. १९५० मध्ये युरोपातील अनेक शहरांत त्यांची प्रदर्शने भरली. त्याच वर्षीच्या, जेरोम हिल यांनी त्यांच्यावर केलेल्या माहितीपटाला ऑस्करचे नामांकन लाभले. १९५२ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि डिसेंबर १९५३ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्या झळकल्या. चित्रकार नॉर्मन रॉकवेल हे त्यांचे स्नेही. १९४८ च्या एका नाताळच्या मुखपृष्ठचित्रात त्यांनी आपल्या कुटुंबीयांबरोबर मोझेस यांनाही रंगवले आहे.

समीक्षकांचा सूर मात्र संमिश्र राहिला. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा अमूर्त चित्रकलेचा दबदबा वाढत होता. जॅक्सन पोलॉकसारख्या चित्रकारांच्या काळात एका आजीबाईंची खेडवळ दृश्ये हजारो लोक रांगा लावून पाहतात, हे अनेक जाणकारांना खुपत असे. त्यांच्या कलेला 'आदिम' किंवा 'भाबडी' अशी विशेषणे लावली गेली. अलीकडच्या काळात त्यांच्या रंगसंगतीचा, विशेषतः ऋतूगणिक बदलणाऱ्या हिरव्या-पांढऱ्या छटांचा, अधिक गंभीरपणे विचार होतो. १९४३ मधील 'शुगरिंग ऑफ' हे त्यांचे चित्र २००६ मध्ये बारा लाख डॉलरना विकले गेले.

आख्यायिका आणि वस्तुस्थिती

'अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अचानक कुंचला हाती घेतलेली आजी' असे मोझेस यांचे वर्णन प्रेरणादायी लेखांत नेहमी आढळते. ते अर्धेच खरे आहे. १९१८ मध्ये बैठकीच्या खोलीच्या भिंतींना कागद लावताना तो अपुरा पडला, तेव्हा शेकोटीचे तोंड झाकण्याच्या फळीवर त्यांनी मोठे निसर्गदृश्य रंगवले होते. त्यामागे बालपणीचे फळांच्या रसाचे रंग होते, मधल्या काळातले शिवण-टिपण होते आणि ऋतूमागून ऋतू एकाच मुलखात राबल्याने पक्की झालेली नजर होती. म्हातारपणी त्यांना नवीन मिळाला तो वेळ. हात आणि डोळा आधीच तयार होते. निवृत्त माणसाने छंद कोठून सुरू करावा, या प्रश्नाशी या फरकाचा जवळचा संबंध आहे.

उतारवयात चित्रांकडे वळलेली इतर उदाहरणेही हेच दाखवतात, जरी प्रत्येकाची वाट निराळी आहे. अठराव्या शतकातील इंग्लंडमधील मेरी डिलेनी यांनी वैधव्यानंतर, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रंगीत कागद कातरून फुलांची चित्रे करण्यास प्रारंभ केला आणि दृष्टी मंदावेपर्यंत सुमारे एक हजार फुले पुरी केली; त्यांच्यामागेही जन्मभराचे भरतकाम होते. रवींद्रनाथ ठाकूर यांची चित्रकला साठीनंतर बहरली ती हस्तलिखितातील खोडलेल्या शब्दांना आकार देता देता. मध्य प्रदेशातील बैगा समाजाच्या जोधैयाबाई यांनी सत्तरीच्या आसपास कुंचला हाती घेतला. मजुरीत आयुष्य गेलेल्या या चित्रकर्तीला २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

अखेरची वर्षे

१९६० मध्ये मोझेस यांनी वयाची शंभरी पूर्ण केली, तेव्हा न्यूयॉर्कचे राज्यपाल नेल्सन रॉकफेलर यांनी तो दिवस त्यांच्या नावे साजरा करण्याचे घोषित केले. त्यानंतरही त्या रंगवीत होत्या. 'रेनबो' हे त्यांचे पूर्ण झालेले अखेरचे चित्र १९६१ मधील आहे. त्याच वर्षी १३ डिसेंबर रोजी, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९६९ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या चित्राचा भाग असलेले सहा सेंटचे तिकीट काढले.

त्यांच्या चित्रांचा सर्वांत मोठा सार्वजनिक संग्रह बेनिंग्टन संग्रहालयात आहे. त्या ज्या एका खोलीच्या शाळेत शिकल्या, ती इमारत १९७२ मध्ये तेथेच हलवण्यात आली. १९१८ मधील शेकोटीची फळी आणि ज्यावर त्या चित्रे रंगवीत ते टेबलही या संग्रहालयात पाहावयास मिळते. टेबलाच्या पायथ्याच्या पृष्ठांवरही त्यांनी निसर्गदृश्ये रंगवलेली आहेत.