एका गुणाचा विजय

खेळातला जयपराजय मैदानावरच सोडून यावा, असे आपण मुलांना सांगतो. परंतु एखाद्या सामन्याला साऱ्या प्रांताच्या इतिहासाचे ओझे वाहावे लागते. १ जानेवारी १९२६ रोजी कॅलिफोर्नियातील पासाडिना येथे झालेला ‘रोझ बाउल’ सामना असाच होता.

अमेरिकेचा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. तेथे चेंडू लांबट असतो आणि तो हातात घेऊन धावावयाचे किंवा सोबत्याकडे फेकावयाचा. प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपार नेला की सहा गुण. त्यानंतर चेंडू लाथाडून आणखी एक गुण मिळविण्याची संधी. हा एक गुण आपण ध्यानात ठेवू.

एका बाजूस वायव्येकडील वॉशिंग्टन विद्यापीठ, दुसऱ्या बाजूस दक्षिणेतील अलाबामा विद्यापीठ. त्या मोसमात दोघेही अपराजित होते. वॉशिंग्टनने दहा सामने जिंकून एक बरोबरीत सोडविला होता. अलाबामाने नऊच्या नऊ जिंकले होते. तरीही अलाबामाची आशा फारच थोड्यांना होती. यादवी युद्ध संपून साठ वर्षे झाली, तरी दक्षिणेच्या मनातला पराभव सरला नव्हता. दारिद्र्य होते आणि इतरांनी मागासलेले म्हणावे हे शल्यही होते. दक्षिणेतील एकाही विद्यापीठाचा संघ तोवर रोझ बाउलमध्ये खेळला नव्हता.

पूर्वार्धात वॉशिंग्टनने १२–० अशी आघाडी घेतली. मात्र वरचा एक गुण दोन्ही वेळा हुकला. त्यांचा आधारस्तंभ जॉर्ज विल्सन जखमी होऊन बाहेर बसला. तिसऱ्या सत्रात, सात मिनिटांच्याही आत, अलाबामाने २० गुण केले. पूली ह्यूबर्टने पहिल्यांदा रेषा ओलांडली. मग जॉनी मॅक ब्राउनने लांबवरचे दोन फेक झेलून दोनदा. हाच ब्राउन पुढे चित्रपटांतला नट झाला. विल्सन परतल्यावर वॉशिंग्टनने आणखी सात गुण मिळविले. पण सामना २०–१९ असा अलाबामाने जिंकला. परतीच्या वाटेवर आगगाडीच्या स्थानकांवर लोकांनी गर्दी केली. हा केवळ एका कॉलेजचा नव्हे, साऱ्या दक्षिणेचा विजय, असे मानले गेले.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून विचारावे : ही ‘सारी दक्षिण’ म्हणजे कोण? अलाबामात तेव्हा एकतृतीयांशाहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते. १९०१ च्या राज्यघटनेने त्यांचा मताधिकार जवळजवळ हिरावून घेतला होता आणि या विद्यापीठाची दारे त्यांना बंद होती. १९५६ साली ऑथरिन ल्यूसी ही पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी आली. जमावाने दंगल केली, आणि काढून टाकले ते तिलाच. कायमचा प्रवेश मिळाला तो १९६३ मध्ये. १९७० साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघाने बर्मिंगहॅम येथे अलाबामाला ४२–२१ असे हरविले. त्यात कृष्णवर्णीय सॅम कनिंगहॅमचा पराक्रम मोठा होता. १९७१ मध्ये अलाबामाच्या मुख्य संघातून कृष्णवर्णीय खेळाडू प्रथमच सामन्यात उतरले. रोझ बाउलच्या विजयाला तेव्हा पंचेचाळीस वर्षे झाली होती.

म्हणून १९२६ च्या त्या खेळाडूंचे शौर्य कमी ठरत नाही. बारा गुणांनी मागे पडूनही ते खचले नाहीत, हे खरेच. पण अपमान सोसलेला समाज अभिमानाने उभा राहतो, तेव्हा त्याने स्वतःच कोणाला दाराबाहेर ठेवले आहे, हेही आपण पाहिले पाहिजे. दक्षिणेचा जयजयकार मोजताना आपण हा हिशेब सोडता कामा नये.