कटऑफ गुण (अभियांत्रिकी प्रवेश परीक्षा)

कटऑफ गुण किंवा पात्रता गुण म्हणजे प्रवेश परीक्षेतील पुढच्या टप्प्यासाठी पात्र ठरण्याकरिता किंवा एखाद्या संस्थेत प्रवेश मिळण्याकरिता आवश्यक ठरलेली किमान मर्यादा होय. भारतातील अभियांत्रिकी प्रवेशांच्या संदर्भात हा एकच शब्द तीन निरनिराळ्या मर्यादांसाठी वापरला जातो:

* जेईई मेन परीक्षेतून जेईई ॲडव्हान्स्ड परीक्षेला बसण्यासाठी लागणारे किमान पर्सेंटाईल;
* जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत नाव येण्यासाठी लागणारे किमान गुण;
* एखाद्या संस्थेतील विशिष्ट शाखेत प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचा गुणानुक्रम किंवा पर्सेंटाईल.

पहिल्या दोन मर्यादा ओलांडणारा विद्यार्थी केवळ पात्र ठरतो. त्याला जागा मिळेलच असे नाही. तिसरी मर्यादा आधी ठरवलेली नसते; प्रवेश फेरी पूर्ण झाल्यावरच ती स्पष्ट होते. शालेय परीक्षेतील ३५ टक्क्यांप्रमाणे हे कटऑफ कायम नसतात. उपलब्ध जागा, परीक्षार्थींची संख्या आणि प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी यांनुसार ते दरवर्षी बदलतात.

## पार्श्वभूमी

२००२ साली सुरू झालेल्या अखिल भारतीय अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेची (एआयईईई) जागा २०१३ मध्ये जेईई मेनने घेतली. त्याच वर्षी भारतीय तंत्रज्ञान संस्थांच्या (आयआयटी) जुन्या प्रवेश परीक्षेच्या जागी जेईई ॲडव्हान्स्ड आली आणि जेईई मेन ही तिची पहिली पायरी ठरली. २०१८ पर्यंत जेईई मेन केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ घेत असे. २०१९ पासून ती राष्ट्रीय चाचणी संस्था (एनटीए) घेते.

२०१३ ते २०१८ या काळात जेईई मेनचा कटऑफ ३६० पैकी मिळालेल्या गुणांत जाहीर होई. खुल्या प्रवर्गासाठी तो २०१३ मध्ये ११३, २०१४ मध्ये ११५, २०१५ मध्ये १०५, २०१६ मध्ये १००, २०१७ मध्ये ८१ आणि २०१८ मध्ये ७४ होता. या घसरणीचे एक प्रमुख कारण म्हणजे जेईई ॲडव्हान्स्डसाठी निवडायच्या विद्यार्थ्यांची संख्या वाढवण्यात आली. ती २०१३ ते २०१५ मध्ये दीड लाख, २०१६ मध्ये दोन लाख आणि २०१७ मध्ये २ लाख २० हजार होती. २०२० पासून ती अडीच लाख आहे.

## पर्सेंटाईल

२०१९ पासून जेईई मेन वर्षातून एकाहून अधिक सत्रांत आणि प्रत्येक सत्रात अनेक पाळ्यांमध्ये घेतली जाते. प्रत्येक पाळीची प्रश्नपत्रिका वेगळी असल्याने मूळ गुणांची थेट तुलना करता येत नाही. म्हणून प्रत्येक पाळीतील गुणांचे पर्सेंटाईलमध्ये (शतमकात) रूपांतर करतात. त्याचे सूत्र असे आहे:

पर्सेंटाईल = १०० × (त्या पाळीत विद्यार्थ्याइतके किंवा त्याहून कमी गुण मिळालेल्या परीक्षार्थींची संख्या ÷ त्या पाळीतील एकूण परीक्षार्थी)

पर्सेंटाईल आणि टक्केवारी या भिन्न संकल्पना आहेत. ९० टक्के म्हणजे १०० पैकी ९० गुण. ९० पर्सेंटाईल म्हणजे पाळीतील १०० पैकी ९० परीक्षार्थी त्या विद्यार्थ्याच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. त्यासाठी किती मूळ गुण लागतील, हे त्या पाळीच्या प्रश्नपत्रिकेवर अवलंबून असते. एकाच दिवशीच्या दोन पाळ्यांमध्येही समान पर्सेंटाईलसाठी लागणारे मूळ गुण वेगळे असू शकतात. समान पर्सेंटाईल टाळण्यासाठी ते दशांशचिन्हानंतर सात अंकांपर्यंत काढतात. दोन्ही सत्रांना बसलेल्या विद्यार्थ्याचे त्यांपैकी अधिक असलेले पर्सेंटाईल गुणानुक्रमासाठी धरले जाते.

## जेईई मेनचा पात्रता कटऑफ

जेईई ॲडव्हान्स्डसाठी पर्सेंटाईल आधी ठरवत नाहीत. संख्या आधी ठरवतात. अडीच लाख विद्यार्थ्यांची प्रवर्गनिहाय विभागणी पुढीलप्रमाणे असते:

| प्रवर्ग | हिस्सा | विद्यार्थी |
|---|---|---|
| खुला | ४०.५ टक्के | १,०१,२५० |
| इतर मागासवर्ग (नॉन-क्रीमीलेअर) | २७ टक्के | ६७,५०० |
| अनुसूचित जाती | १५ टक्के | ३७,५०० |
| आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक | १० टक्के | २५,००० |
| अनुसूचित जमाती | ७.५ टक्के | १८,७५० |

प्रत्येक प्रवर्गात पाच टक्के जागा दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी असतात. यादीतील शेवटच्या स्थानावर ज्याचे नाव येते, त्याचे पर्सेंटाईल म्हणजे त्या प्रवर्गाचा कटऑफ. शेवटच्या स्थानावर समान गुण असलेल्या सर्वांना घेतले जात असल्याने प्रत्यक्षात पात्र ठरणाऱ्यांची संख्या अडीच लाखांपेक्षा थोडी जास्त होऊ शकते.

खुल्या यादीत सर्व प्रवर्गांतील विद्यार्थी गुणानुक्रमे येतात. राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्याने खुला कटऑफ ओलांडल्यास त्याची गणना खुल्या यादीत होते. राखीव प्रवर्गाचा कटऑफही सर्व परीक्षार्थींमधील पर्सेंटाईलच्या स्वरूपातच सांगितला जातो. तो त्या प्रवर्गापुरता काढलेला नसतो.

अलीकडच्या वर्षांतील कटऑफ पर्सेंटाईल (दोन दशांशांपर्यंत) असे आहेत:

| वर्ष | खुला | आ.दु.घ. | इ.मा.व. | अनु. जाती | अनु. जमाती |
|---|---|---|---|---|---|
| २०१९ | ८९.७५ | ७८.२२ | ७४.३२ | ५४.०१ | ४४.३३ |
| २०२० | ९०.३८ | ७०.२४ | ७२.८९ | ५०.१८ | ३९.०७ |
| २०२१ | ८७.९० | ६६.२२ | ६८.०२ | ४६.८८ | ३४.६७ |
| २०२२ | ८८.४१ | ६३.११ | ६७.०१ | ४३.०८ | २६.७८ |
| २०२३ | ९०.७८ | ७५.६२ | ७३.६१ | ५१.९८ | ३७.२३ |
| २०२४ | ९३.२४ | ८१.३३ | ७९.६८ | ६०.०९ | ४६.७० |
| २०२५ | ९३.१० | ८०.३८ | ७९.४३ | ६१.१५ | ४७.९० |

### चढउतारांचा अर्थ

२०२२ मध्ये ८८.४१ असलेला खुला कटऑफ २०२५ मध्ये ९३.१० झाला. यावरून विद्यार्थी अधिक हुशार झाले किंवा प्रश्नपत्रिका सोपी झाली, असा निष्कर्ष निघत नाही. २०२२ मध्ये सुमारे नऊ लाख विद्यार्थी परीक्षेला बसले होते. त्यांतील वरचे ११.५९ टक्के म्हणजे सुमारे एक लाख पाच हजार. २०२५ मध्ये सुमारे पावणेपंधरा लाख विद्यार्थी बसले. त्यांतील वरचे ६.९० टक्के म्हणजे सुमारे एक लाख दोन हजार. पात्र ठरलेल्यांची संख्या जवळपास तेवढीच राहिली. परीक्षार्थी वाढल्यामुळे त्यांचे एकूण परीक्षार्थींमधील प्रमाण घटले आणि कटऑफ वर सरकला.

काठिण्यपातळीचा परिणाम मूळ गुणांवर होतो. प्रश्नपत्रिका अवघड असल्यास त्याच पर्सेंटाईलसाठी कमी गुण पुरतात. म्हणून मागील वर्षीच्या गुणांवरून चालू वर्षीचे पर्सेंटाईल सांगणारी कोष्टके केवळ अंदाजापुरती उपयोगी असतात.

पर्सेंटाईलवरून गुणानुक्रमाचा ढोबळ अंदाज बांधता येतो. पर्सेंटाईल १०० मधून वजा करून येणाऱ्या संख्येला एकूण परीक्षार्थींच्या संख्येने गुणावे व १०० ने भागावे. पावणेपंधरा लाख परीक्षार्थींमध्ये ९८ पर्सेंटाईल म्हणजे सुमारे २९,५०० वा क्रमांक येतो. मात्र अंतिम यादीत दोन सत्रांपैकी चांगले पर्सेंटाईल धरले जात असल्याने प्रत्यक्ष क्रमांक यापेक्षा वेगळा असू शकतो.

## जेईई ॲडव्हान्स्डची गुणवत्ता यादी

जेईई ॲडव्हान्स्डचे दोन्ही पेपर सर्व विद्यार्थी एकाच दिवशी देतात. त्यामुळे येथे पर्सेंटाईल न काढता मूळ गुणच धरतात. गुणवत्ता यादीत येण्यासाठी दोन अटी एकाच वेळी पूर्ण कराव्या लागतात: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या प्रत्येक विषयात किमान गुण आणि एकूण किमान गुण. एकूण गुण भरपूर असूनही एका विषयात मर्यादेखाली राहिलेला विद्यार्थी यादीत येत नाही.

सामाईक यादीसाठीच्या मर्यादा पुढीलप्रमाणे होत्या:

| वर्ष | प्रत्येक विषयात (टक्के) | एकूण (टक्के) | एकूण गुण |
|---|---|---|---|
| २०१९ | १० | २५ | ३७२ पैकी ९३ |
| २०२० | ५ | १७.५ | ३९६ पैकी ६९ |
| २०२१ | ५ | १७.५ | ३६० पैकी ६३ |
| २०२२ | ४.४ | १५.२८ | ३६० पैकी ५५ |
| २०२३ | ६.८३ | २३.८९ | ३६० पैकी ८६ |
| २०२४ | ८.६८ | ३०.३४ | ३६० पैकी १०९ |
| २०२५ | ५.८३ | २०.५६ | ३६० पैकी ७४ |

इतर मागासवर्ग व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांची मर्यादा सामाईक मर्यादेच्या सुमारे ९० टक्के असते; अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांची निम्मी असते. राखीव जागा रिक्त राहिल्यास एक वर्षाच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमासाठी याहून कमी मर्यादा लावतात. उदाहरणार्थ, २०२५ मध्ये सामाईक यादीसाठी ७४, इतर मागासवर्ग व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी ६६, अनुसूचित जाती-जमातींसाठी ३७ आणि पूर्वतयारी अभ्यासक्रमासाठी १८ गुण आवश्यक होते.

### २०१८ मधील बदल

२०१८ मध्ये सामाईक यादीसाठी एकूण ३५ टक्के गुणांची अट होती आणि सुमारे १८ हजार विद्यार्थीच पात्र ठरले. जागा रिक्त राहण्याची शक्यता दिसू लागल्याने, प्रत्येक प्रवर्गात जागांच्या किमान दुप्पट विद्यार्थी यादीत असावेत, असा निर्देश केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने दिला. त्यानंतर एकूण मर्यादा २५ टक्क्यांवर आणून पुरवणी यादी प्रसिद्ध करण्यात आली आणि पात्र विद्यार्थ्यांची संख्या सुमारे ३२ हजार झाली. उत्तरपत्रिका त्याच होत्या. केवळ मर्यादा बदलल्याने सुमारे चौदा हजार विद्यार्थी अपात्रांतून पात्रांत आले.

## पात्रता आणि प्रवेश

२०२५ मध्ये सुमारे अडीच लाख विद्यार्थी जेईई ॲडव्हान्स्डसाठी पात्र होते. त्यांपैकी १ लाख ८० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी दोन्ही पेपर दिले आणि ५४,३७८ विद्यार्थी गुणवत्ता यादीत आले. आयआयटींमधील जागा मात्र १८,१६० होत्या. म्हणजेच यादीत आलेल्या दर तिघांपैकी साधारण एकासाठी जागा होती. बारावीत ७५ टक्के गुण (अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांगांना ६५ टक्के) किंवा आपल्या मंडळातील वरच्या २० पर्सेंटाईलमध्ये स्थान, ही अटही प्रवेशासाठी पूर्ण करावी लागते.

जेईई मेनचा वरील कटऑफ केवळ जेईई ॲडव्हान्स्डच्या पात्रतेपुरता असतो. तो न गाठलेल्या विद्यार्थ्यालाही राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था (एनआयटी), भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था आणि केंद्रीय अनुदानित अन्य संस्थांच्या प्रवेश प्रक्रियेत जेईई मेनच्या गुणानुक्रमावर भाग घेता येतो. या संस्थांचे आणि आयआयटींचे प्रवेश २०१५ पासून संयुक्त जागावाटप प्राधिकरण (जोसा) करते.

जोसा प्रत्येक फेरीनंतर प्रत्येक शाखेचा पहिला व अंतिम गुणानुक्रम प्रसिद्ध करते. अंतिम गुणानुक्रम हाच त्या शाखेचा प्रवेश कटऑफ होय. तो वाचताना पुढील बाबी पाहाव्या लागतात:

* प्रवर्ग: राखीव प्रवर्गांचे क्रमांक त्या प्रवर्गाच्या स्वतंत्र यादीतील असतात, ते सामाईक यादीतील क्रमांक नसतात.
* गृहराज्य: एनआयटींमध्ये निम्म्या जागा संस्था ज्या राज्यात आहे तेथील विद्यार्थ्यांसाठी असतात. त्यामुळे नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत महाराष्ट्रातील व बाहेरील विद्यार्थ्यांचे अंतिम क्रमांक वेगळे असतात. आयआयटींमध्ये असा राखीव हिस्सा नसतो.
* मुलींसाठीच्या जागा: त्यांचे अंतिम क्रमांक स्वतंत्रपणे दिले जातात.
* फेरी: पहिल्या फेरीनंतर काही विद्यार्थी जागा सोडतात किंवा बदलतात, त्यामुळे शेवटच्या फेरीतील अंतिम क्रमांक बहुधा मोठा असतो.

## महाराष्ट्रातील प्रवेश

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे बहुतेक प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या एमएचटी-सीईटीवर आधारित असतात. २०१४ व २०१५ मध्ये राज्यातील प्रवेशांसाठी जेईई मेनचा आधार घेतला गेला होता. २०१६ पासून पुन्हा सीईटीचा अवलंब करण्यात आला. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या गटाची परीक्षा २०० गुणांची असून चुकीच्या उत्तरासाठी गुण कापले जात नाहीत.

या परीक्षेत जेईई मेनसारखा पात्रता कटऑफ नसतो. सीईटीत शून्यापेक्षा अधिक गुण आणि बारावीत आवश्यक विषयांत किमान ४५ टक्के (मागासवर्गीय व दिव्यांगांना ४० टक्के) गुण असलेला विद्यार्थी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत भाग घेऊ शकतो. महाविद्यालयांचे कटऑफ प्रत्येक फेरीतील शेवटच्या प्रवेशावरून ठरतात.

या याद्यांमध्ये प्रवर्ग संकेताक्षरांनी दाखवतात. ‘जीओपेनएस’मधील ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण, ‘ओपेन’ म्हणजे खुला प्रवर्ग आणि ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय जागा. आरंभी ‘एल’ असल्यास ती जागा मुलींसाठी असते; अखेरीस ‘एच’ असल्यास स्वतःच्या विद्यापीठ क्षेत्रातील आणि ‘ओ’ असल्यास त्या क्षेत्राबाहेरील विद्यार्थ्यांसाठी असते. ‘टीएफडब्ल्यूएस’ ही शिक्षणशुल्क माफीची जागा होय.

एमएचटी-सीईटी व जेईई मेन यांच्या पर्सेंटाईलची परस्पर तुलना करता येत नाही. दोन्ही परीक्षांना बसणारा विद्यार्थीवर्ग वेगळा असल्याने एकाच विद्यार्थ्याची दोन्हींमधील पर्सेंटाईल बरीच भिन्न असू शकतात. विनाअनुदानित महाविद्यालयांतील अखिल भारतीय जागा जेईई मेनवर भरल्या जात असल्याने एकाच शाखेचे दोन कटऑफही आढळतात.

## हे सुद्धा पहा

* भारतीय तंत्रज्ञान संस्था
* राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था
* राष्ट्रीय चाचणी संस्था
* एमएचटी-सीईटी
* भारतातील आरक्षण