थर्ड पार्टी कुकीज: डिलीट केल्या तरी परत का येतात?

एखाद्या शॉपिंग साइटवर मिक्सरची किंमत पाहिली आणि काही न घेता ती बंद केली, तरी पुढचे कितीतरी दिवस बातम्या वाचताना किंवा स्कोअर बघताना तोच मिक्सर समोर येत राहतो. यामागे बऱ्याचदा थर्ड पार्टी कुकीज असतात. अनेक जण त्या डिलीट करतात, पण दोन दिवसांत त्या पुन्हा जमा होतात.

थर्ड पार्टी कुकी म्हणजे काय?

कुकी म्हणजे वेबसाइटने ब्राउझरमध्ये साठवलेली छोटीशी नोंद. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील इंजिनिअर लू मॉन्टुली यांनी ती तयार केली. लॉगिन टिकणे, कार्टमधील वस्तू तशाच राहणे ही कामे कुकीमुळे होतात. उघडलेल्या साइटची स्वतःची कुकी ही फर्स्ट पार्टी कुकी असते.

त्याच पानावरील जाहिरात, व्हिडिओ किंवा लाइक बटण मात्र अनेकदा दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून येते. त्या कंपनीने ठेवलेली कुकी म्हणजे थर्ड पार्टी कुकी. तीच कंपनी अनेक साइट्सवर असेल, तर कोणत्या ब्राउझरवरून कुठे काय पाहिले गेले याची साखळी तिला जोडता येते. कुकी हा व्हायरस नाही. प्रश्न खासगीपणाचा आहे.

त्या परत का येतात?

डिलीट केल्याने जुन्या नोंदी जातात, नवीन येणे थांबत नाही. पुढचे पान उघडताच नवी कुकी ठेवली जाते. म्हणून आधी ब्लॉक करावे, मग डिलीट करावे.

ब्लॉक कसे करावे?

• क्रोम: कॉम्प्युटरवर सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये, तर अँड्रॉइड फोनवर ‘साइट सेटिंग्ज’मध्ये ‘थर्ड पार्टी कुकीज’ हा पर्याय असतो. तेथे ब्लॉक निवडावे. व्हर्जननुसार जागा थोडी बदलू शकते.
• फायरफॉक्स: २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज आपोआप वेगळ्या ठेवल्या जातात. अधिक कडक संरक्षणासाठी ‘स्ट्रिक्ट’ निवडावे.
• सफारी: २०२० पासून थर्ड पार्टी कुकीज आपोआप ब्लॉक होतात. ‘प्रिव्हेंट क्रॉस-साइट ट्रॅकिंग’ सुरू आहे का, एवढे तपासावे.

क्रोममधून या कुकीज हटवण्याची घोषणा गुगलने २०२० मध्ये केली होती, पण २०२४ मध्ये तो बेत मागे घेतला. त्यामुळे क्रोममध्ये हे काम वापरणाऱ्यालाच करावे लागते.

यानंतर ‘डिलीट ब्राउझिंग डेटा’मध्ये फक्त कुकीजचा पर्याय निवडावा. सेव्ह केलेल्या पासवर्डवर टिक करू नये. कुकीज गेल्या की बहुतेक साइट्सवर लॉगआउट होते, म्हणून महत्त्वाचे पासवर्ड आधी हाताशी ठेवावेत.

तरीही जाहिराती पाठ सोडत नसतील तर?

• फेसबुक किंवा इन्स्टाग्राममध्ये टॅप केलेली लिंक अनेकदा ॲपच्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडते. तेथे क्रोमची सेटिंग लागू होत नाही. मेन्यूतून ती बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडावी.
• कुकी सेटिंगमध्ये परवानगी दिलेल्या साइट्सची यादी असते. त्यात अनोळखी नाव असल्यास काढावे.
• दुसरा फोन, दुसरा ब्राउझर किंवा दुसरे प्रोफाइल यांची सेटिंग वेगळी तपासावी.
• लॉगिन केलेल्या खात्यातील हालचालींवरून येणाऱ्या जाहिराती कुकी ब्लॉक करून थांबत नाहीत. त्यासाठी त्या खात्यातील जाहिरातींची सेटिंग बदलावी लागते.

एखादी साइट चालेनाशी झाली तर?

ब्लॉक केल्यावर कधी व्हिडिओ दिसत नाही, कधी दुसऱ्या खात्याने लॉगिन होत नाही. अशा वेळी सगळे ब्लॉकिंग काढून टाकू नये. फक्त त्या एका साइटला परवानगी द्यावी आणि काम झाल्यावर ती काढून घ्यावी.

ब्लॉक केल्याने इंटरनेटवरील सगळी पाळत संपत नाही. आयपी ॲड्रेस आणि डिव्हाइसची माहिती यांवरूनही माग काढता येतो. तरीही साइटवरून साइटवर मागे येणारा एक मोठा रस्ता बंद होतो, आणि त्यासाठी पाच मिनिटे पुरतात.