आग्रा रोडवरचा तांब्या

सोनगीर हे भांड्यांचं गाव. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने उत्तरेला वीसेक किलोमीटर आलं की किल्ल्याची लांबट टेकडी दिसते आणि तिच्या पायथ्याशी आमची घरं. तांब्या-पितळेचा पत्रा भट्टीत तापवायचा, ऐरणीवर ठोकून त्याला पोट आणायचं, गळा आणायचा, मग हलक्या हाताने मठारत बसायचं. हंडे, कळश्या, घंगाळी, पराती, तांबे. खानदेशातल्या कितीतरी लेकी सोनगीरचं भांडं डोक्यावर घेऊन सासरी गेल्या. माझे आबा, म्हणजे आजोबा, म्हणायचे, आपण भांडं विकत नाही, पाणी ठेवायची जागा विकतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की या बोलण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नसे.

पण त्या जागेत ठेवलेलं पाणी कोणी प्यायचं, कोणाच्या हातून प्यायचं, कोणी भांड्याला शिवायचं नाही, हे सगळं ठरलेलं होतं. मातीचं मडकं विटाळलं तर फोडायचं. पितळ चिंचेने आणि राखेने घासलं, विस्तवावर धरलं की पुन्हा चालायचं. आमच्या दुकानातून सगळ्या जातींचे लोक तांबे घेऊन जात. दुकानाच्या ओट्यावर मात्र प्रत्येकाला पाणी कसं द्यायचं त्याची रीत वेगवेगळी होती. माझ्या जन्माच्या आधीच्या या गोष्टी मी ऐकल्या त्या मोठमायकडून, म्हणजे वडिलांच्या आईकडून.

तिची एक गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. स्वातंत्र्याच्या आधीची चार-दोन वर्षं असतील. मोठमायचं पहिलं बाळंतपण अडलं. सुईण हात टेकून बसली. गावात दुसऱ्या कुणाकडे तरी मिशनची एक नर्सबाई आली होती, ख्रिस्ती, मूळची नवापूरकडची. पणजोबा स्वतः जाऊन तिला घेऊन आले. आबा ही गोष्ट सांगायचे तेव्हा त्यात रात्र असायची, कंदील, उकळतं पाणी आणि बाईचं धैर्य. मूल आणि आई दोघं वाचली, तिथे आबांची गोष्ट संपायची.

मोठमायची गोष्ट तिथून सुरू व्हायची. पहाटे नर्सबाईने रक्ताने भरलेली लुगडी गोळा केली आणि मागच्या दारी दगडावर बसून धुतली. सुवेराचे दिवस. त्या कपड्यांना घरातली एकही बाई हात लावणार नव्हती. मग तिने मोठमायचे घामाने चिकटलेले केस विंचरून वेणी घातली आणि निघताना पाणी मागितलं. ज्या घरात शंभर तांबे एकावर एक रचलेले होते त्या घरात तिला वरून धार धरून ओंजळीत पाणी दिलं गेलं. ती प्यायली, तोंड पुसलं, आणि गेली.

"तिनी मन्हा लुगडा धुयात," मोठमाय म्हणायची. जीव वाचवला हे ती क्वचितच म्हणे. जीव वाचवणं हे नर्सबाईचं कामच होतं, असं तिला वाटत असावं. लुगडी धुणं हे काम नव्हतं. ते कुणी सांगितलेलं नव्हतं, त्याचा मोबदला नव्हता, आणि ते न करण्याला गावाची पूर्ण परवानगी होती.

ती बाई पुढेही येत राहिली. कधीतरी तिला ओंजळीऐवजी तांब्यातून पाणी मिळू लागलं. कोणत्या वर्षी, कोणी ठरवलं, हे आबांनाही सांगता येत नव्हतं. घरात त्यावर भांडण झालं नाही, ठराव झाला नाही. एके दिवशी मोठमायने तिच्यासमोर तांब्या-भांडं ठेवलं आणि कोणी काही बोललं नाही, एवढंच.

शाळेत असताना मी पहिल्यांदा मत्तयाचं शुभवर्तमान वाचलं, ते याच बाईमुळे. ती काय मानत होती, हे मला बघायचं होतं. दहाव्या अध्यायाच्या शेवटी येशू आपल्या शिष्यांबद्दल सांगतो, की यांच्यातल्या लहानातल्या लहानाला कुणी नुसतं प्यालाभर गार पाणी दिलं तरी ते वाया जाणार नाही. तांबटाच्या घरातल्या मुलीला यात पहिल्यांदा दिसलं ते भांडं. नंतर कळलं की इथे पाणी देणारा गावातला आहे आणि घेणारा परका वाटसरू. म्हणजे त्या पहाटे आमच्या घराला एक संधी मिळाली होती. पंचविसाव्या अध्यायातलं न्यायाच्या दिवसाचं वर्णन मला त्याहून खोल वाटतं. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र देणाऱ्यांना, आजाऱ्याला आणि कैद्याला भेटायला जाणाऱ्यांना राजा म्हणतो की ते तुम्ही माझ्यासाठीच केलंत. तेव्हा ती माणसं गोंधळतात आणि विचारतात, आम्ही हे कधी केलं? त्यांना आठवतच नाही. ज्यांनी केलं त्यांच्या लेखी ते रोजचं होतं. आमच्या घरी चार पिढ्या सांगितली गेलेली ती पहाट नर्सबाई बहुधा आठवड्याभरात विसरली असेल. म्हणून ख्रिस्ती श्रद्धेचा हा भाग इतिहासाच्या दप्तरात सापडत नाही. तो घेणाऱ्यांच्या आठवणीत राहतो आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून पुढे जातो.

मराठी ख्रिस्ती इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या वळणाच्या मुळाशीही असाच एक विसरला गेलेला माणूस आहे. 1893 मध्ये कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यातल्या एका अनोळखी युरोपीय गृहस्थाने त्यांना आदराने जागा करून दिली, संस्कृत काव्यावर त्यांच्याशी मनापासून बोलला आणि उतरण्यापूर्वी नव्या कराराची प्रत हातात ठेवली. तो काळ असा की गोऱ्या प्रवाशाने देशी माणसाला डब्यातून उतरवणं कुणाला नवल वाटत नसे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी त्या भेटीची आठवण जपली, पण तो गृहस्थ कोण, हे फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. पुस्तकाने टिळकांचं मन वळवलं हे खरं. पण ते पुस्तक हातात येण्याआधी कुणीतरी बाकावर सरकून बसलं होतं, ते मला तितकंच महत्त्वाचं वाटतं.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट याहून खडतर होती. नवरा ख्रिस्ती झाल्यावर कित्येक वर्षं त्या त्याच्यापासून दूर राहिल्या, आणि परत आल्या तेव्हाही स्वतःची चूल आणि स्वतःचं पाणी वेगळं ठेवूनच. राहुरीला असताना त्यांच्या मनात जातीचा प्रश्न उभा राहिला: ही देवाने केली की माणसाने? जन्म सारखा, मरण सारखं, हाडं-मांस सारखं. त्या विचाराच्या शेवटी त्यांनी वेगळं पाणी सोडलं. 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण माझ्या मते त्यांचं धर्मांतर पाण्यापाशीच घडलं होतं. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना त्या पानांशी मी दरवेळी थांबते, कारण मोठमायने न बोलता केलेली गोष्ट तिथे शब्दांत सापडते.

पुढचं सगळं त्याच ओघात आलं. दुष्काळात पोरकी झालेली मुलं टिळकांच्या घरात वाढली. प्लेगच्या दिवसांत या नवरा-बायकोने आजाऱ्यांची सेवा केली. टिळक वाटेवरून कुणालाही घरी आणत, खिशातलं देऊन टाकत, आणि घरात पीठ आहे का हे विचारायचं त्यांच्या ध्यानात राहत नसे. दया दारात होते आणि तिचा भार चुलीपाशी पडतो. लक्ष्मीबाई तो भार उचलत होत्या, आणि लिहिताना त्यांनी तो पुण्य म्हणून मांडला नाही. घरातली धांदल म्हणून मांडला. या दोघांमध्ये मोठं कोण, असं कुणी मला विचारलं तर मी चुलीपाशी बसलेलीचं नाव घेईन.

या घराशी आमच्या खानदेशचंही नातं आहे. धरणगावात 1890 साली जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे. 1907 मध्ये जळगावला महाराष्ट्रातलं पहिलं कविसंमेलन भरलं, तेव्हा डॉ. कान्होबा कीर्तिकर अध्यक्ष होते. सोळा-सतरा वर्षांच्या या मुलाची कविता ऐकून त्याला 'बालकवी' म्हटलं गेलं, आणि याच संमेलनाने त्याला टिळकांशी जोडलं. पुढे टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी ठेवून घेतलं. ब्राह्मणाचा मुलगा ख्रिस्ती घरात राहतोय, याचा त्या दिवसांत किती बोभाटा होत असेल याची कल्पना करावी. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं सांभाळलं. हळवा, चटकन रागावणारा, चटकन निवळणारा असा तो ठोमरे 'स्मृतिचित्रे'त भेटतो, आणि तो भेटतो घरातल्या पोरासारखा; कुठेही आश्रित वाटत नाही.

बालकवी शेवटपर्यंत हिंदूच राहिला. मला या साऱ्या हकिकतीत ही गोष्ट फार मोलाची वाटते. टिळक आपल्या श्रद्धेबद्दल गप्प बसणारे नव्हते; कीर्तनातून, अभंगातून ते ख्रिस्त सांगत फिरले. पण त्या घरातला घास अटीवर दिलेला नव्हता. 5 मे 1918 रोजी जळगाव-भुसावळच्या मधल्या भादली स्टेशनजवळ आगगाडीखाली सापडून बालकवी गेला, सत्तावीस वर्षांचा. वर्षभराने, 9 मे 1919 रोजी, टिळकही गेले. भादलीवरून गाडी जाते तेव्हा डब्यात कुणी तरी हमखास बालकवीचं नाव काढतं. नगरच्या त्या घराची आठवण कुणी काढलेली मी अजून ऐकलेली नाही.

अट हा शब्द मी मुद्दाम लिहिला. आबांचे वडील छप्पन्याच्या दुष्काळाची गोष्ट सांगत, म्हणजे 1899-1900 चा. खानदेश त्यात होरपळून निघाला. आग्रा रोडवरून माणसं कुटुंबच्या कुटुंब चालत निघाली होती आणि रस्त्याकडेला पडत होती. त्या काळात मिशनऱ्यांनी अन्नछत्रं चालवली, अनाथालयं काढली. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तीसदनात दुष्काळातल्या शेकडो मुली-बायका आणून वाढवल्या. आणि तेव्हापासूनच लोक म्हणत आले, की पोटासाठी धर्म बदलला. गावच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी हा आक्षेप मीही ऐकला आहे आणि तो मी झटकून टाकत नाही. जिथे भाकरीच्या बदल्यात काही मागितलं गेलं असेल, तिथे भाकरी देणाऱ्याने स्वतःच्याच शुभवर्तमानाशी फारकत घेतली होती. पण भुकेलं पोर ज्यांनी उचललं त्यांना विचारण्याआधी, बाकीचे आपण सगळे त्या रस्त्यावर कुठे होतो, हेही विचारायला हवं. पणजोबांनी हा प्रश्न स्वतःला विचारला होता, असं आबा सांगत. म्हणूनच असेल, त्यांनी दुकानापुढे दोन रांजण पुरले आणि वाटसरूंसाठी पाणपोई सुरू केली.

आज ख्रिस्ती वस्ती आमच्या बाजूपेक्षा पश्चिमेला जास्त. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन मिशनची माणसं पश्चिम खानदेशात आली, भिल्ल-मावची पाड्यांमध्ये राहिली. नवापूर तालुक्यात सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरच्या चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय आजही चालू आहे. त्या पट्ट्यातल्या मुली पिढ्यान् पिढ्या नर्स होऊन बाहेर पडल्या.

त्यातल्याच एक निवृत्त सिस्टरबाई काही वर्षं आमच्या गल्लीत भाड्याने राहत होत्या. 2020 च्या मे महिन्यात टाळेबंदीत मुंबई-नाशिककडचे मजूर याच आग्रा रोडने पायी मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशकडे निघाले. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर. गावोगावच्या लोकांनी रस्त्यावर खिचडी, पाणी, केळी ठेवली. आमच्या घरानेही जुने रांजण पुन्हा भरले. सिस्टरबाई तोंडाला मास्क बांधून फाट्यावर येऊन बसल्या. प्लास्टिकचं घमेलं, मिठाचं कोमट पाणी, कापूस आणि बँडेज. येणाऱ्याचे पाय पाण्यात घालायच्या, फोड फोडायचे नाहीत म्हणून दटावायच्या आणि पट्टी बांधायच्या. कुणाला नाव-गाव विचारत नव्हत्या. मी मदतीला बसले होते. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले, ते डोक्यात ठेवून तुम्ही हे करता का, असं मी विचारलं.

"अगं, पट्टी बांधून उपयोग काय?" त्या म्हणाल्या. "हा माणूस परत अनवाणीच चालणार. खिचडी सगळे देतायत. चपला कुठे आहेत?"

दुकानं बंद होती. मग त्या संध्याकाळी आम्ही घरोघर फिरलो, तांबटांच्या आळीत, कासारांकडे, मशिदीकडच्या गल्लीत, खालच्या वस्तीत. जुन्या-पान्या चपला, रबरी स्लिपर, एकाने नवे कोरे बूट. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरबाईंनी त्या मापाप्रमाणे ओळीने लावल्या. लहान मुलांच्या कमी पडल्या, म्हणून आम्हाला पुन्हा गावात पाठवलं.